विश्लेषण : विश्वचषक खेळलेल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची खरी परीक्षा नंतर का सुरू झाली?

पाटणहून कराडमार्गे कोल्हापूर दोन-अडीच तासांवर. तरीही खेळाच्या बाबतीत ही दोन वेगळी जगे आहेत. पाटण खोऱ्यात मैदान म्हटले की कबड्डी आणि कुस्ती. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा अर्धे शहर गॅलरीत असते. याच कोल्हापुरातला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. त्यापुढच्या पाच वर्षांत त्याचे जे झाले, त्यातून व्यावसायिक फुटबॉलची वाट नेमकी कुठे अरुंद होते हे कळते.

सुरुवात कुठून झाली?

अनिकेतचा जन्म १३ जुलै २००० चा. वडील रिक्षाचालक. पेठेतल्या फुटबॉलवर मोठे होणारे बहुतेक खेळाडू तिथेच थांबतात, नोकरी बघतात आणि रविवारी खेळतात. अनिकेत लहान वयातच राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे पुण्याला गेला. राहणे, जेवण, शाळा आणि सराव एकाच ठिकाणी. घरच्यांच्या खिशावर भार नाही. पुढे पुणे एफसीची अकादमी आणि तिथून राष्ट्रीय महासंघाची अकादमी, असा त्याचा प्रवास झाला. कोल्हापूरची हवा त्याला मिळालीच होती, पण प्रबोधिनी नसती तर ती पुरली असती असे वाटत नाही.

विश्वचषकाने काय दिले?

निकाल सांगायचे तर फारसे काही नाही. दिल्लीत भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा हरला. पण फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ होती आणि त्या मुलांना रातोरात ओळख मिळाली. महासंघाने त्यातल्या बहुतेकांना एकत्र ठेवून ‘इंडियन ॲरोज’ हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्याच सामन्यात या पोरांनी चेन्नई सिटीला ३-० असे हरवले, त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. प्रौढ खेळाडूंच्या लीगमध्ये, विशीही न गाठलेल्या संघाकडून!

मग अडचण कुठे आली?

मोठ्या क्लबमध्ये. २०१९ मध्ये अनिकेत इंडियन सुपर लीगमधील जमशेदपूर एफसीकडे गेला. त्या काळात या लीगमध्ये एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. क्लब हे परदेशी कुठे वापरणार? जिथे गोल होतात तिथेच. त्यामुळे भारतीय स्ट्रायकरला एक तर बाकावर बसावे लागते किंवा विंगवर सरकावे लागते. अनिकेत विंगवर सरकला. ॲरोजमध्ये पूर्ण ९० मिनिटे खेळणारा मुलगा आता कधी सुरुवातीपासून, कधी शेवटची वीस मिनिटे खेळू लागला. इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये तीन महिने सराव करण्याची संधीही त्याला मिळाली. हा क्लब २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीचा आहे. मात्र सराव म्हणजे सामने नव्हेत. अठरा ते एकवीस या वयात खेळाडू घडतो तो सामन्यांतून.

जपानमध्ये वेगळे काय घडते?

ताकेफुसा कुबो हा अनिकेतपेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान, जन्म कावासाकीचा. दहाव्या वर्षी तो बार्सिलोनाच्या अकादमीत पोहोचला. पण अठरा वर्षांखालील परदेशी मुलांच्या नोंदणीचे फिफाचे नियम मोडल्याबद्दल क्लबवर कारवाई झाली आणि २०१५ मध्ये कुबोला मायदेशी परतावे लागले. आपल्याकडे हा धक्का कारकीर्द संपवणारा ठरला असता. जपानमध्ये मात्र एफसी टोकियोचा २३ वर्षांखालील संघ तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. त्या संघातून कुबो पंधराव्या वर्षी व्यावसायिक सामना खेळला. २०१९ मध्ये रेआल माद्रिदने त्याला घेतले आणि लगेच मायोर्काकडे उसने पाठवले. तिथे एका हंगामात त्याने लीगचे ३५ सामने खेळले. गोल चारच, संघही खालच्या श्रेणीत घसरला. पण पोराचे पाय मैदानावर राहिले. आज तो रेआल सोसिदादमध्ये आहे. फरक केवळ प्रतिभेचा नाही. प्रत्येक पायरीखाली दुसरी पायरी होती, एवढा आहे. आपल्याकडे ॲरोज हीच जवळपास एकमेव तशी पायरी होती, तीही २०२२ मध्ये बंद झाली.

हैदराबादने काय बदलले?

पुण्याची एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली आणि लीगमधली तिची जागा हैदराबाद एफसीने घेतली. दोन वर्षांनी अनिकेत त्याच हैदराबादकडे गेला. योगायोगाने २०२१-२२ च्या हंगामापासून मैदानावरील परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवरून चारवर आली. गोल करण्याचे काम ओगबेचेकडे होते (१८ गोल, लीगमध्ये सर्वाधिक), तरी बाजूच्या जागा भारतीयांसाठी मोकळ्या झाल्या. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबादने विजेतेपद मिळवले. त्याच महिन्यात बहरीनमधील मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी अनिकेतला भारताच्या वरिष्ठ संघात बोलावणे आले. विश्वचषकापासून इथवर यायला साडेचार वर्षे लागली होती.

पाटणच्या मुलासाठी वाट कोणती?

प्रबोधिनीचा दरवाजा अजूनही आहे आणि तिथली निवड मुख्यतः शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांवर होते. डोंगरात वाढलेल्या मुलाला त्यात कमीपणा नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा. पुणे एफसी नाही, शिवाजीयन्स नाही, पुणे सिटीही नाही. इंडियन सुपर लीगमध्ये महाराष्ट्रातून उरला तो मुंबई सिटी. म्हणजे सोळाव्या वर्षी चांगला खेळणाऱ्या मुलाला पुण्यात थांबण्यासारखे ठिकाण कमी, आणि गोवा किंवा कोलकात्याला जायचे तर घरातून आधी दहावी-बारावीचे विचारले जाते. कोल्हापूरच्या निखिल कदमनेही मोहन बागानची जर्सी घातली ती कोलकात्याला जाऊनच.