विमानतळाबाहेरचे दहा किलोमीटर

मे २०२४ मध्ये दुबईहून आलेलं एमिरेट्सचं विमान मुंबईत उतरत असताना घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्याला धडकलं. विमान सुखरूप उतरलं, पण खाली वस्तीत तीसहून अधिक पक्षी मरून पडले होते. इथे दुबईत आम्हा मराठी मंडळींमध्ये चर्चा झाली ती 'बिचारे पक्षी' आणि 'थोडक्यात निभावलं' एवढीच. हीच फ्लाइट आपण सगळे पकडतो, तेव्हा जरा पुढचं बोलायला हवं.

पक्षी बहुतांशी खालच्याच हवेत उडतात आणि उतरणारं विमान नेमकं तिथूनच येतं. वेग कमी, चाकं बाहेर, जमीन जवळ. काही बिघडलं तर विचाराला मिनिटभरही मिळत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये रोमच्या चाम्पिनो विमानतळावर रायनएअरचं बोइंग ७३७ टेकायच्या बेतात होतं, तेवढ्यात साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांचा प्रचंड थवा समोर आला. वैमानिकाने पुन्हा वर जायचं ठरवलं, पण दोन्ही इंजिनांनी दगा दिला आणि विमान धाडकन आपटलं. सगळे वाचले. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या मुआनला मात्र १७९ जण गेले. तिथे दोन्ही इंजिनांत बदकांचे अवशेष सापडले. धावपट्टीपलीकडचा काँक्रीटचा बांधही जीवघेणा ठरला.

इंजिनांची चाचणी पक्षी आत सोडून घेतात, हे खरं. पण ते ठरावीक वजनाचे, ठरावीक संख्येचे. टेस्टिंगमध्ये पास झालेलं प्रॉडक्शनमध्ये कसं कोसळतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कुणी शिकवायला नको!

त्यामुळे खरी मदार जमिनीवरच्या व्यवस्थेवर आहे. पक्षी गोळा होतील असा कचरा विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत टाकायचा नाही, असं आपल्या १९३७ च्या विमान नियमांतच आहे. कत्तलखान्यांनाही खास परवानगी लागते. आता नकाशा उघडून बघा. देवनारचं डम्पिंग ग्राउंड आणि कत्तलखाना दोन्ही या वर्तुळात बसतात. घारी तिथे घिरट्या घालणारच. त्यांना कोण नोटीस देणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आसपास तर पाणथळ जागाच जागा. 'भराव टाका, पक्षी जातील' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो नेरूळसारख्या ठिकाणच्या तळ्यांवर येऊन बसतात. तळं बुजवलं तर ते दुसरी मोकळी, सपाट जागा शोधतील, आणि धावपट्टीइतकी मोकळी, सपाट जागा तिथे दुसरी कुठली? तळी राहू द्यावीत, उघडा कचरा हटवावा आणि विमानतळाच्या दहा किलोमीटरांत काय काय पडलंय याची पाहणी दरवर्षी लोकांसमोर ठेवावी. विमानतळाचं शुल्क आपल्या तिकिटातून कापलं जातंच, तेव्हा एवढं मागायला संकोच कशाला?