सरवा कोणाचा?

कापणी करताना शेताच्या कडा राखाव्यात आणि खाली पडलेला सरवा गरीब व परके यांच्यासाठी सोडावा, असा नियम लेवीयच्या 19व्या अध्यायात आहे. परकी रूथ बवाजाच्या शेतात अशीच वेचायला गेली होती. तो सरवा मालकाचे दान नव्हता, तिचा हक्क होता.

आपल्या हैदराबादेत आज सरवा म्हणजे रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे, जुने फोन. अभय देशपांडे यांनी 2016 मध्ये इथेच सुरू केलेली ‘रिसायकल’ ही कंपनी भंगारवाले, पुनर्वापर करणारे कारखाने आणि मोठे उत्पादक यांना फोनवर जोडते. 2022 मध्ये तिने केदारनाथच्या वाटेवर पाण्याच्या बाटल्यांना क्यूआर कोड लावले. घेताना 10 रुपये जादा भरायचे, रिकामी बाटली परत केली की ते मिळायचे. सोड्याच्या काचेच्या बाटलीची अनामत आठवते ना? तीच युक्ती. फरक इतकाच की आता प्रत्येक बाटलीची नोंद राहते.

मला ही कल्पना आवडते. कुणीतरी फेकलेली बाटली दुसऱ्या कुणाच्या हातात 10 रुपये होते, ही लहान गोष्ट नाही. पण पैसे फोनवरच येणार असतील, तर जिच्याकडे फोन नाही, बँकेचे खाते नाही, त्या बाईचे काय? पहाटे पोते घेऊन फिरणारी तीच असते. कचऱ्याला भाव आला की वेचणारे हात वाढतात आणि जुने हात मागे ढकलले जातात.

शिवाय नोंद झाली म्हणजे काम झाले असेही नाही. प्लास्टिकच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे सरकारी पोर्टलवर विकली जातात. त्यांतली लाखो बनावट असल्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच आढळले.

पुण्यात वेगळी वाट सापडली. 1993 साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली. सभासद दारोदार कचरा गोळा करतात आणि त्यातले भंगार विकून आलेला पैसा त्यांचाच असतो. अ‍ॅपवाल्यांनी हे पाहावे. बाटलीला क्रमांक देता येतो, तर वेचणारीलाही तिच्या नावाचे ओळखपत्र आणि रोख घेण्याची सोय देता येईल. बवाजाने तरी गड्यांना तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम कणसे टाकायला सांगितले होते.

आणि आपल्या सणाच्या जेवणानंतर जमणाऱ्या बाटल्या? अ‍ॅपवरून गाडी बोलावण्याआधी, आपल्या गल्लीत रोज कोण वेचते ते विचारू या. पहिला हक्क तिचा.