मीठ कोणाचे, इमान कोणाशी?

२५ एप्रिल १९७३ च्या संध्याकाळी आकाशवाणीने एक बातमी दिली आणि दिल्लीच्या वकीलवर्गाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. सरन्यायाधीश सिक्री निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी न्यायमूर्ती अजितनाथ रे यांची नेमणूक झाली होती. ज्येष्ठतेच्या क्रमात रे चौथे. त्यांच्या आधीचे शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघे डावलले गेले होते. तिघांनीही राजीनामे दिले.

ही बातमी अशी झोंबण्याचे कारण आदल्या दिवसात होते. २४ एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला होता. तेरा न्यायमूर्तींनी अडुसष्ट दिवस चाललेला युक्तिवाद ऐकून सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने सांगितले, की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. डावलले गेलेले तिघेही त्या सातांत होते. रे सहांत होते. त्याआधी १९७० साली बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात दहा न्यायमूर्ती सरकारविरुद्ध गेले, तेव्हा सरकारच्या बाजूने उभे राहिलेले अकरावे न्यायमूर्तीही रेच. योगायोग म्हणून सोडून द्यावे अशी ही जुळणी नव्हती, आणि सरकारनेही ती योगायोग म्हणून खपवण्याचा प्रयत्न केला नाही.

उलट २ मे रोजी पोलादमंत्री मोहन कुमारमंगलम लोकसभेत उभे राहिले आणि त्यांनी या नेमणुकीचे उघड समर्थन केले. न्यायाधीशाची विद्वत्ता आणि सचोटी तर पाहूच, पण त्याचे जीवनविषयक तत्त्वज्ञान काय, देशात वाहणारे वारे त्याला कळतात की नाही, हे पाहण्याचा सरकारला अधिकार आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. केवळ ज्येष्ठतेवर सरन्यायाधीश ठरवू नये, असे खुद्द विधी आयोगाने १९५८ च्या अहवालात म्हटले होते, याचाही त्यांनी आधार घेतला. ‘बांधिलकी मानणारी न्यायसंस्था’ हा शब्दप्रयोग त्या दिवसांत घराघरांत पोहोचला.

कुमारमंगलम यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ होता असे मी म्हणणार नाही. १९७१ ची निवडणूक ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर प्रचंड बहुमताने जिंकलेले ते सरकार होते. राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे, अशी एकेक गोष्ट न्यायालयात अडकत होती. न्यायाधीशही माणूसच असतो. तो कोणत्या घरात वाढला, कोणाच्या ओसरीवर बसला, याची छाया त्याच्या लेखणीवर पडतेच. मग ती छाया कोणती, हे आधीच पाहिले तर बिघडले कुठे? बिघडते ते यात, की तत्त्वज्ञान आणि पक्ष यांमधली रेघ कोणी ओढायची, याचे उत्तर ‘ज्याच्या हाती नेमणूक त्याने’ असे निघते. आणि सत्तेवर बसलेल्या माणसाला आपले तत्त्वज्ञान, आपला पक्ष आणि आपली खुर्ची या तीन गोष्टी वेगळ्या दिसेनाशा व्हायला फार वेळ लागत नाही. दोन वर्षांहून थोडाच अधिक काळ लागला.

१२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या जगमोहनलाल सिन्हांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा उन्हाळी सुटी चालू होती आणि सुटीतले न्यायमूर्ती होते व्ही. आर. कृष्ण अय्यर. हे केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते आणि रे यांच्या नेमणुकीनंतर अवघ्या तीन महिन्यांत, जुलै १९७३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात आले होते. तत्त्वज्ञान पाहून नेमणूक म्हणतात ती हीच, असे तेव्हा सरकारच्या टीकाकारांनीही म्हटले. कायदामंत्री होते ह. रा. गोखले, एकेकाळचे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. गोखल्यांनी दूरध्वनी करून भेटीची इच्छा व्यक्त केली आणि आपण त्यांना, भेटण्याचे कारण नाही, अर्ज कचेरीत दाखल करा, असे सांगितले, ही हकिगत अय्यर यांनीच पुढे सांगितली आहे. २४ जूनला त्यांनी स्थगिती दिली खरी, पण अटींसह. पंतप्रधान सभागृहात बसू शकतील, बोलू शकतील, खासदार म्हणून मत मात्र देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी लागू झाली.

म्हणजे तत्त्वज्ञान पाहून आणलेला न्यायमूर्तीही पक्षाच्या कामाला येईलच याची खात्री नव्हती. या गोष्टीत मला न्यायसंस्थेविषयीची सर्वांत मोठी आशा दिसते. निराशा पुढच्या वर्षी आली.

आणीबाणीत महाराष्ट्रातल्या ज्या घरांतला कर्ता माणूस येरवड्याला किंवा नाशिक रोडला ‘मिसा’खाली बंद होता, त्या घरांना २८ एप्रिल १९७६ ही तारीख सांगावी लागत नाही. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते, की आणीबाणी असली तरी स्थानबद्धता कायद्याला धरून आहे की नाही हे आम्ही तपासू शकतो. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने निव्वळ वैरापोटी कुणाला ठार मारले तर दाद मागता येईल का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले. आणि तरीही पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे उचलून धरले. रे, बेग, चंद्रचूड, भगवती. विरोधात एकटे खन्ना. या निकालाने आपले सरन्यायाधीशपद जाणार, हे खन्नांनी बहिणीला आधीच सांगितले होते, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला.

खन्नांनाही १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात आणले ते इंदिरा गांधींच्याच सरकारने, हे आपण विसरतो. चौघांचे आणि खन्नांचे नेमणूकदार एकच होते.

यानंतरची घटना कमी लोकांच्या लक्षात असते. जनता पक्ष सत्तेवर आला. १९७८ च्या फेब्रुवारीत बेग निवृत्त होणार होते आणि क्रमाने पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड येत होते. १९७६ च्या निकालाबद्दल त्यांना डावलावे अशी मागणी झाली, आणि तिच्यात मुंबईतल्या नामवंत मंडळींचा पुढाकार होता. तुरुंगातून सुटून मंत्री झालेल्यांच्या मनात काय खळबळ उडाली असेल! तरी त्या सरकारने ज्येष्ठता मोडली नाही. ‘त्यांचे’ न्यायाधीश काढून ‘आपले’ बसवण्याचा मोह टाळला. त्या सरकारची पुष्कळ कामे फसली, पण हे एक फसले नाही. ज्यांना डावलावे म्हणून ओरड झाली त्याच चंद्रचूडांच्या न्यायालयाने १९८० साली, इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान असताना, मिनर्व्हा मिल खटल्यात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतली महत्त्वाची कलमे रद्द ठरवली. १९७६ चा निकाल मात्र कागदावर उरला होता. तो २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी मोडीत काढला, आणि त्यातले प्रमुख निकालपत्र लिहिले धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे यशवंतरावांच्या चिरंजीवांनी.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे हा मोठा गुण मानतात. न्यायाधीशाच्या बाबतीत आधी विचारले पाहिजे, मीठ कोणाचे? सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा पगार भारताच्या एकत्रित निधीतून येतो, आणि तोही असा भार म्हणून, की ज्यावर संसद चर्चा करू शकते, पण मत घेऊ शकत नाही. पक्षाच्या तिजोरीतून त्यात एक पैसा जात नाही. नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याने होते. शपथ घेताना न्यायमूर्ती भय आणि आकस यांच्याबरोबरीने ममत्वही बाजूला ठेवण्याचे वचन देतो. घटनाकारांनी वैराइतकेच प्रेमालाही न्यायाच्या वाटेतले संकट मानले.

मराठीत न्यायाविषयी लिहिताना रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव टाळता येत नाही, पण त्या गोष्टीतला जो भाग इथे लागू पडतो तो आपण क्वचित सांगतो. रामशास्त्र्यांच्या वेळी घटना नव्हती, एकत्रित निधी नव्हता. पद पेशव्यांनी दिलेले, वेतन पेशव्यांचे. मीठ खरोखरच शनिवारवाड्याचे होते! तरी नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगताना त्यांनी ते आड येऊ दिले नाही. आणि सांगून ते पुणे सोडून गेले. नाना फडणिसांच्या कारभारात ते परत आले, पण परत बोलावतील या आशेवर त्यांनी निकाल दिला नव्हता.

ही जी पुढची आशा असते ना, खरी गोम तिच्यात आहे. नेमणुकीची कृतज्ञता काही वर्षांत विरते. पुढच्या नेमणुकीची आशा निवृत्ती जवळ येईल तशी वाढते. अमेरिकेशी तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होते. तिथे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मान्यता देते, आणि सगळा मामला आपल्यापेक्षा कितीतरी उघड पक्षीय असतो. ती बांधिलकी निकालांतही दिसते. २०२२ साली गर्भपाताचा हक्क ज्या पाच जणांनी काढून घेतला ते पाचही रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. पण तिथला न्यायमूर्ती तहहयात असतो, त्याला आणखी काही मिळवायचे नसते. जुलै १९७४ मध्ये वॉटरगेटच्या ध्वनिफिती देण्याचा आदेश निक्सन यांना झाला तो आठ विरुद्ध शून्य मतांनी. त्या आठांत निक्सन यांनी नेमलेले तिघे होते, आणि निकाल लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर त्यांतलेच. चौथे रेनक्विस्ट यांनी निक्सन यांच्या न्यायखात्यात काम केले होते, म्हणून ते खटल्यातून बाजूला झाले. सोळा दिवसांनी निक्सन पायउतार झाले.

आपल्याकडे १९९३ पासून नेमणुकीची सूत्रे न्यायमूर्तींच्याच मंडळाकडे, कॉलेजियमकडे आहेत. ती काढून आयोगाकडे देण्याचा कायदा २०१५ साली न्यायालयाने रद्द केला. तेव्हा अमुक न्यायमूर्ती अमुक पक्षाने नेमला असे आज सरळ म्हणता येत नाही, जरी सरकार फायली दाबून बसू शकते. पण सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो, उच्च न्यायालयाचा बासष्टाव्या. प्रकृती धडधाकट, डोके तल्लख, आणि समोर राज्यपालपद, राज्यसभा, आयोग. यांची सूत्रे मात्र सरकारकडेच.

यात कोणत्याही पक्षाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. माजी सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र १९९८ साली काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले. सदाशिवम निवृत्त झाले त्याच वर्षी, २०१४ मध्ये, केरळचे राज्यपाल झाले. रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य झाले. विरोधी पक्षात असताना अरुण जेटली म्हणत, की निवृत्तीआधीच्या निकालांवर निवृत्तीनंतरच्या पदांचा परिणाम होतो. त्यांचा पक्ष सत्तेवर आला आणि हा विषय मागे पडला. या मंडळींनी पदासाठी निकाल दिले असे मी म्हणत नाही, ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी सरकारविरुद्ध वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात संशय आला, तर तो कशाने काढायचा? न्यायालयांतला सर्वांत मोठा पक्षकार सरकारच आहे, आणि पक्षकारानेच पंचाला पुढची चाकरी द्यायची अशी ही रीत आहे.

न्यायाधीश पूर्वी राजकारणात होता, याचे मला तितके भय वाटत नाही. के. एस. हेगडे १९५२ ते १९५७ काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. १९७३ साली डावलले गेलेले हेगडे ते हेच. बहरुल इस्लामही काँग्रेसचे राज्यसभा सदस्य. ते गुवाहाटीला न्यायमूर्ती झाले, निवृत्त झाले, आणि डिसेंबर १९८० मध्ये निवृत्तीतून उचलून त्यांना सर्वोच्च न्यायालयात बसवण्यात आले. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे काँग्रेसचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा सहकारी बँकेचा खटला मागे घेण्यास मान्यता देणाऱ्या बहुमतात ते होते. महिनाभरात राजीनामा देऊन ते निवडणुकीच्या तयारीला लागले आणि त्याच वर्षी पुन्हा काँग्रेसचे राज्यसभा सदस्य झाले. दोघे एकाच पक्षातले, एकाच सभागृहातले. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयावर सत्ताधारी पक्षाच्या एका माजी प्रवक्त्या वकिलांची नेमणूक झाली तेव्हा बराच वाद झाला. ज्यांनी पक्षाची बाजू कालपरवापर्यंत मांडली त्यांच्या बाबतीत मधे अधिक वर्षे जाऊ द्यायला हवी होती, असे माझे मत आहे. पण आता त्यांची पारख त्यांच्या निकालांवरून व्हावी. हेगड्यांची तशीच झाली.

कुमारमंगलम यांनी १९५८ च्या ज्या अहवालाचा आधार घेतला, त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर केंद्राची वा राज्याची कोणतीही नोकरी पत्करू नये. आयोगाचे अध्यक्ष होते मोतीलाल सेटलवाड, एक सदस्य होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला. छागला त्याच वर्षी अमेरिकेत राजदूत म्हणून गेले आणि सेटलवाडांनी त्याबद्दल जाहीर नाराजी नोंदवली. छागलांच्या स्वच्छतेविषयी कोणाला शंका नव्हती, सेटलवाडांनाही नसावी. पायंड्याचा प्रश्न होता. सरकारांनी त्या अहवालातले एक पान जपून ठेवले आणि दुसरे गहाळ केले.

ते शोधायला लांब जायला नको. महालेखापरीक्षकाने पद सोडल्यावर केंद्राचे वा राज्याचे कोणतेही पद घेऊ नये, असे घटनेचे १४८ वे कलम सांगते. न्यायमूर्तींविषयीच्या १२४ व्या कलमात मात्र निवृत्तीनंतर वकिली करण्यापुरतीच मनाई आहे. न्यायाधिकरणांसारख्या जागांना माजी न्यायमूर्ती लागतात, त्यांच्यापुरता अपवाद करून त्या नेमणुका सरकारच्या हातून काढता येतील. राज्यपालपद आणि राज्यसभा यांसाठी अपवादाचे कारण दिसत नाही. निवृत्तीचे वय वाढवा, निवृत्तिवेतन पुरते करा, आणि १४८ मधले ते एक वाक्य १२४ मध्ये आणा. दुरुस्तीला दोनतृतीयांश मते लागतात. इतर अनेक प्रसंगी ती मिळालेली आहेत.