माहिती पुण्याला पोचते, घरी पोचत नाही

मा. आयुक्त (शिक्षण),
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस



पहिलीच्या पालकसभेला वर्ग भरून जातो आणि सातवीच्या सभेला बाके रिकामी राहतात, हे राज्यातला कोणताही मुख्याध्यापक सांगेल. त्याचे कारणही ठरलेले असते : ‘पालकांना आस्थाच उरलेली नाही.’ मला हे निदान चुकीचे वाटते. पाचवी ते आठवी या टप्प्यावर पालक आपणहून दूर जात नाहीत, आपली व्यवस्था त्यांना दूर ठेवते. मुलाबद्दलची माहिती शाळेकडे असते. ती वरच्या कार्यालयांना ठरल्या तारखेला जाते. पण जिथे तिचा खरा उपयोग होणार, त्या घरी ती उशिरा जाते, अर्धवट जाते किंवा जातच नाही. हे बदलायला नवा कायदा लागत नाही, आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेल. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

हाच टप्पा का, ते आधी सांगतो. चौथीपर्यंत मुलाची शाळा बहुधा गावात किंवा गल्लीच्या टोकाला असते आणि त्याला सगळे विषय शिकवणारे एकच गुरुजी किंवा बाई असतात. बाजारात भेटल्या तरी आईने विचारावे आणि त्यांनी सांगावे, एवढे ते सोपे असते. पाचवीत मूल संस्थेच्या हायस्कुलात जाते किंवा सातवीनंतर एसटीने शेजारच्या गावी जाऊ लागते. एका बाईंच्या जागी सहा-सात विषयशिक्षक येतात. गणिताच्या सरांना गणितापुरते ठाऊक असते, इंग्रजीच्या बाईंना इंग्रजीपुरते. पोराबद्दल विचारायचे कोणाला, हेच घरच्यांना उमगत नाही. त्यात सेमी इंग्रजी असेल तर गणित-विज्ञानाचे पुस्तक आईबापांना परके होते. मूल स्वतःही या वयात घरी कमी बोलते. मुलींची पाळी सुरू होते आणि महिन्यातले काही दिवस शाळा बुडू लागते. मुलगे शेतावर, गॅरेजवर, वीटभट्टीवर हाताशी धरले जातात. शिवाय २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. फेरपरीक्षेतही उत्तीर्ण न झालेले मूल त्याच वर्गात राहू शकते. म्हणजे धोका वाढतो नेमका त्याच वर्षांत, ज्या वर्षांत घराला कळणे कमी होते.

कायदा या बाबतीत मोघम नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २४ प्रमाणे पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले. विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही, पण तिथे राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आवश्यक केला आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तर प्रगतिपत्रकाला घर आणि शाळा यांच्यातला दुवा मानले. आता प्रत्यक्षातले प्रगतिपत्रक हातात घेऊन पाहा. विषयापुढे ‘अ-२’, ‘ब-१’ अशी श्रेणी. वर्णनात्मक नोंदीत ‘अभ्यासात नियमितता हवी’, ‘वाचनाची आवड आहे’ यांसारखी, शेजारच्या मुलालाही तितकीच लागू पडणारी वाक्ये. खाली पालकाच्या सहीची रेघ. मुलीला अपूर्णांकांची बेरीज जमते का, इंग्रजीचा साधा उतारा ती वाचते का, हे त्या कागदावरून बापाला कळायला मार्ग नाही. वार्षिक प्रगतिपत्रक मिळते १ मे रोजी, ध्वजवंदन झाल्यावर. म्हणजे काही करण्याजोगे कळायचे, तेव्हा शाळेला सुटी लागलेली असते. याच वर्षभरात शाळेने हजेरी, पोषण आहार घेतलेल्या मुलांची संख्या, आधार जोडणी, सरल आणि यू-डायस प्लस या सरकारी ऑनलाइन प्रणालींमधल्या नोंदी वर पाठवलेल्या असतात. राज्याला जे माहीत असते, ते त्या मुलाच्या आईला माहीत नसते.

वेळेवर कळल्याने फरक पडतो का, याचे पुरावे आहेत. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २२ मिडल आणि हायस्कुलांमधल्या पालकांना मुलाच्या गैरहजेरीचे, राहिलेल्या गृहपाठाचे आणि घसरलेल्या गुणांचे संदेश मोबाईलवर आपोआप जातील अशी सोय केली गेली. पीटर बर्गमन आणि एरिक चॅन यांच्या अभ्यासात विषयांत नापास होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले आणि तासांना हजर राहण्याचे प्रमाण १२ टक्क्यांनी वाढले. राज्य पातळीवरच्या चाचणीतले गुण मात्र वाढले नाहीत, हेही त्यांनी नोंदवले आहे. चिलीमध्ये चौथी ते आठवीच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या घरी हजेरी, वर्तन आणि गणिताच्या गुणांचे संदेश नियमित पाठवले, तेव्हा गणिताचे गुण आणि हजेरी दोन्ही सुधारली. यातला कोणताही प्रयोग पालकांना शहाणे करायला निघाला नव्हता. शाळेला जे ठाऊक होते तेवढेच घरी सांगितले, आणि पुढचे घरच्यांनी केले.

माहिती नसण्याची किंमत कधी कधी थेट रुपयांत मोजता येते. आठवीत होणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. ती उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. वार्षिक साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आणि सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ती आहे. तिची एक अट सातवीत ५५ टक्के गुणांची आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्क्यांची. ही अट आठवीत कळली तर सातवी परत येत नाही. शेतमजुराच्या घराला ४८,००० रुपये म्हणजे मुलीला बारावीपर्यंत शिकवायचे की लग्न लावून द्यायचे, या निर्णयाचे वजन बदलणारी रक्कम आहे. ही गोष्ट सहावीच्या पहिल्याच सभेत सांगायला हवी. आज ती एखाद्या तळमळीच्या शिक्षकावर अवलंबून आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, जे पालक स्वतः शिकलेले नाहीत ते आठवीच्या मुलाला काय मदत करणार? या आक्षेपामागचे गृहीतकच चुकते. मदत म्हणजे शेजारी बसून गणिते सोडवणे, असे आपण धरून चालतो. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये मिडल स्कूलच्या वयोगटावरील ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गृहपाठातली मदत या वयात फारशी उपयोगी पडत नाही, उलट ती कमी यशाशी जोडलेली दिसते. सर्वांत घट्ट संबंध दिसला तो शिक्षणाचे मोल मुलाला पटवणे, त्याच्याकडून अपेक्षा ठेवणे आणि पुढच्या वाटेबद्दल त्याच्याशी बोलणे याचा. हे करायला आईला बीजगणित यावे लागत नाही. ‘या महिन्यात चार दिवस शाळा बुडाली, कुठे होतास?’ असे विचारता येण्यासाठी तिला ते चार दिवस माहीत असावे लागतात, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच देशातल्या पुराव्यावर उभा आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने आणि अर्थशास्त्रज्ञांनी मिळून गावसभा घेतल्या, ग्राम शिक्षण समितीचे अधिकार लोकांना समजावले, गावातल्या मुलांना किती वाचता येते तेही दाखवले. शाळेतला लोकसहभाग त्याने वाढला नाही. मुलांचे वाचन सुधारले ते तिथे, जिथे गावातल्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले. मग माहितीवर भिस्त कशाला? मी या निष्कर्षाचा अर्थ असा लावतो : समितीचे अधिकार ही माहिती सगळ्यांची असते, म्हणून ती कोणाचीच नसते. ‘तुमची मुलगी’ असे सुरू होणारे वाक्य वेगळे. त्याला जोडून उद्या करता येईल अशी एखादी कृती सांगितली, तर ते आणखी उपयोगी. आपले आजवरचे मेळावे, शपथा आणि फलक पहिल्या प्रकारचे होते. मी मागतो आहे ते दुसऱ्या प्रकारचे.

शिक्षक म्हणतील, आमच्या डोक्यावर आणखी एक काम टाकू नका. ते बरोबर आहेत. मतदार यादीपासून ऑनलाइन नोंदींपर्यंतची अशैक्षणिक कामे आधीच त्यांच्या माथी आहेत. म्हणूनच नवी नोंद मागू नये. हजेरी रोज भरली जाते, तिच्यातून त्याच दिवशी पालकाला संदेश जाईल अशी सोय एकदा करावी आणि त्या बदल्यात वर जाणारा एखादा जुना अहवाल बंद करावा. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, असेही सांगितले जाते. त्या ग्रुपवर वीस पानी पीडीएफ येते, सूचना येतात, आणि उत्तर द्यायची सोय केवळ ॲडमिनपुरती ठेवलेली असते. एकतर्फी सूचनेला संवाद म्हणता येत नाही, आणि एका मुलाची अडचण पन्नास घरांसमोर मांडणे तर अजिबात योग्य नाही.

मुलांच्या बाजूने येणारा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. घरी कळले की मार बसतो, आणि मुलीच्या बाबतीत शाळाच बंद होते. तेरा वर्षांच्या मुलाला थोडी मोकळीकही हवी असते. त्यामुळे काय कळवावे यापेक्षा कसे कळवावे, याला जास्त महत्त्व आहे. संदेशात काय जमू लागले ते आधी यावे, कुठे अडले ते नंतर. आणि सत्रातून एकदा होणाऱ्या भेटीत मूल समोर असावे, आपली वही त्याने स्वतः उघडून दाखवावी. त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलले गेले, तर तक्रार होते. ते समोर असले, तर ठराव होतो.

भेटीची वेळही पालकाच्या सोयीने ठरावी. कामाच्या दिवशी दुपारी सभा ठेवून रोजंदारीवरची आई आली नाही, तर तिच्या नावे उदासीनता लिहिणे अन्याय आहे. गावात आठवडी बाजाराचा दिवस, शहरात रविवार सकाळ किंवा कामावरून परतण्याची संध्याकाळ, हे ठरवायचे स्वातंत्र्य शाळेला द्यावे. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे दिवाळीच्या सुमारास निघते आणि हंगाम संपेतो कारखान्याच्या तळावर राहते. मूल आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात असते. अशा घरी सभेची चिठ्ठी आजीच्या हाती जाते, पण निर्णय तळावरच्या फोनवर होतात. तिथे अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश हाच शाळेचा दरवाजा आहे. मेळघाटात तो कोरकूत आणि गडचिरोलीत गोंडीत गेला, तर आणखी बरे.

तेव्हा मागण्या मोजक्याच आहेत. शाळा सुरू झाल्यापासून महिन्याभरात पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाची सभा घ्यावी, तिथे विषयशिक्षकांची ओळख व्हावी आणि शिष्यवृत्त्यांचे वर्षाचे वेळापत्रक एका पानावर हाती द्यावे. प्रत्येक मुलासाठी घराने विचारायचा एक ठरलेला शिक्षक असावा. गैरहजेरी त्याच दिवशी कळावी आणि महिन्याकाठी मुलाविषयी दोन वाक्ये जावीत, ज्यांना उत्तर देता येईल. पुढच्या वर्षी दोन-तीन वेगवेगळ्या तालुक्यांत हे करून पाहावे, जिथे केले नाही त्या शाळांशी हजेरी आणि वाचन-गणित ताडून पाहावे, आणि निकाल जसा येईल तसा जाहीर करावा. उपयोग झाला नाही, तर योजना मागे घ्यायला संकोच नसावा. पण कलम २४ मधले कर्तव्य तेव्हाही कायम राहील, आणि ते कसे पार पाडायचे हे शाळांना सांगण्याची जबाबदारी आपल्या कार्यालयाचीच असेल.

कळावे,
आपला,
एक नागरिक