नोंदवहीचा द्वारपाल

पोलीस म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर गणवेश, हातांतील काठी व चोराच्या मागें धांवणारी आकृति उभी राहते. परंतु पोलीसखात्यांत असाही एक वर्ग आहे, कीं ज्याच्या हातीं काठी नसते, ज्यास चोराच्या मागें धांवावें लागत नाहीं, व ज्याचें नांव वृत्तपत्रांत सहसा छापून येत नाहीं. ब्रिटनमध्यें ह्या अधिकाऱ्यास ‘सिंगल पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट’, म्हणजे संपर्काचें एकमेव स्थान, असें कांहींसें रुक्ष नांव आहे. टेलिफोन व इंटरनेट कंपन्यांच्या दप्तरांतील नोंदी पोलिसांस हव्या असल्या, तर त्या ह्याच्या हातून मागवाव्या लागतात. पुष्कळांस हा अधिकारी निरोप पोंचविणारा कारकून वाटेल. माझ्या मतें तो कायद्याचा द्वारपाल आहे, व ज्या समाजास आपलें स्वातंत्र्य आणि आपली सुरक्षितता हीं दोन्ही हवीं आहेत, त्यानें अशा माणसाची योग्यता ओळखली पाहिजे.

प्रथम ह्या नोंदी म्हणजे काय तें पाहूं. टपालानें आलेल्या पत्राचे दोन भाग मानतां येतील: आंतील मजकूर हा एक, आणि लिफाफ्यावरील नांव, पत्ता व टपालाचा शिक्का हा दुसरा. येथें ज्यांविषयीं बोलावयाचें आहे त्या नोंदी दुसऱ्या प्रकारच्या होत. कोणी कोणास केव्हां फोन केला, तो किती वेळ चालला, फोन कोणाच्या नांवावर आहे, त्या वेळीं तो कोणत्या मनोऱ्याशीं जोडलेला होता, एवढेंच त्यांत असतें. बोलणें काय झालें तें त्यांत नसतें. तें ऐकावयाचें तर निराळा व अधिक कडक परवाना लागतो. वरवर पाहणारास वाटेल, कीं लिफाफ्याच्या पाठीपोटावर काय गुपित असणार? पण थोडा विचार करा. एखादा गृहस्थ आठवडाभर रोज कर्करोगाच्या रुग्णालयास फोन करतो, नंतर वकिलास करतो, नंतर दूरदेशीं असलेल्या मुलास करतो. एक शब्दही न ऐकतां त्याच्या घरावर काय प्रसंग ओढवला आहे तें आपण ओळखूं. लिफाफे पुरेसे जमले, म्हणजे पत्र उघडण्याची गरजच उरत नाहीं.

ह्या नोंदींचा उपयोग केवढा आहे, हें एका दुःखद उदाहरणावरून कळेल. २००२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत केंब्रिजशायरमधील सोहॅम गांवांतून दहा वर्षांच्या दोन मुली नाहींशा झाल्या. त्यांपैकीं एकीजवळ मोबाइल फोन होता. तो बंद झाला तेव्हां त्याचा शेवटचा संबंध कांहीं मैलांवरील बर्वेल गांवच्या मनोऱ्याशीं आला होता. तज्ज्ञांनीं मुलींच्या संभाव्य वाटांवर हिंडून मोजणी केली, आणि ज्या थोड्या जागीं बर्वेलचा मनोरा प्रबळ ठरत होता, त्यांपैकीं एक जागा एका शाळेच्या रखवालदाराच्या घराबाहेरची निघाली. डिसेंबर २००३ मध्यें त्याच माणसास दोन्ही मुलींच्या खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा झाली. एका कोरड्या नोंदीनें मुली परत आल्या नाहींत, परंतु न्यायाला वाट मिळाली. पोलिसांस ह्या नोंदी मुळींच देऊं नयेत असें म्हणणारांनीं ह्या उदाहरणाचा विचार अवश्य करावा.

परंतु नाण्यास दुसरी बाजू आहे. एके काळीं ब्रिटनमध्यें टेलिफोन पोस्टखात्याच्या ताब्यांत असे. कोणत्या फोनवरून कोणते आंकडे फिरविले, केव्हां, व बोलणें किती वेळ चाललें हें छापणारें एक यंत्र त्या खात्याजवळ होतें. त्यांतील नोंदी पोलिसांनीं विनंती केली असतां पोस्टखातें देत असे. ही देवघेव बांधून ठेवणारा कायदा नव्हता. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या मॅलोन नांवाच्या गृहस्थानें ह्याविरुद्ध दाद मागितली, आणि २ ऑगस्ट १९८४ रोजीं स्ट्रासबूर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें निकाल दिला, कीं वर्गणीदाराच्या संमतीवांचून अशा नोंदी पोलिसांच्या हवालीं करणें हा खासगी जीवनांतील हस्तक्षेप होय, व त्यास कायद्याचा आधार पाहिजे. सौजन्याची विनंती ही कायद्याची जागा घेऊं शकत नाहीं, हें तत्त्व तेथें प्रस्थापित झालें. पुढें २००० सालीं ह्या विषयावर कायदा झाला, आणि २०१६ सालीं त्याहून विस्तृत असा ‘इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट’ आला.

आज ही व्यवस्था अशी आहे. तपास करणारा पोलीस प्रथम अर्ज लिहितो. तो अर्ज आपल्या द्वारपालाच्या मेजावर येतो, आणि तेथें त्याची उलटतपासणी होते. गुन्हा कोणता? हा नंबर त्या गुन्ह्याशीं कसा जोडला? दोन दिवसांच्या नोंदींनीं काम भागत असतां दोन महिन्यांच्या कशास मागतां? ह्या नोंदींत निरपराध नातलगांची व मित्रांची किती माहिती ओढली जाईल? कंपनीजवळ ही माहिती मुळांत आहे तरी काय? ह्या प्रश्नांस समाधानकारक उत्तरें मिळालीं, म्हणजे अर्ज पोलीसखात्याबाहेरील एका स्वतंत्र कार्यालयाकडे जातो. हें कार्यालय २०१९ सालीं सुरू झालें. त्यानें मान्यता दिल्यावर द्वारपाल कंपनीकडून नोंदी मागवितो. कोणाचा प्राण धोक्यांत असेल, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यास तोंडीही मान्यता देतां येते. पण ती तीन दिवसांपलीकडे टिकत नाहीं. आणि जो कोणी अधिकारी जाणूनबुजून किंवा बेपर्वाईनें, कायदेशीर अधिकार नसतां, अशा नोंदी मिळवील, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

ह्यावर तीन आक्षेप ऐकूं येतात. पहिला असा, कीं सज्जनास भिण्याचें कारण काय? ह्याचें उत्तर सोपें आहे: चूक सज्जन-दुर्जन पाहत नाहीं. इंटरनेटवर एकच पत्ता आज एका घराला, तर उद्यां दुसऱ्याला दिलेला असतो. उन्हाळ्यांत ब्रिटनचें घड्याळ ग्रिनिचच्या वेळेपुढें एक तास असतें. अमेरिकन पद्धतींत तारखेच्या आधीं महिना लिहितात. त्या एका तासाचा विसर पडला, किंवा ५ एप्रिलचा ४ मे झाला, कीं पोलीस भलत्याच कुटुंबाच्या दारांत उभे राहतात. अशा चुकांमुळें निरपराध लोकांच्या घरांच्या झडत्या झाल्या, हें तेथील देखरेख करणाऱ्या आयुक्तांच्या अहवालांतच नमूद आहे. लहान मुलांच्या छळासारख्या घोर आरोपावरून झडती झाली, तर त्या घराची अब्रू मागाहून दिलेल्या क्षमापत्रानें परत येत नाहीं. शिवाय चुकीखेरीज मोहही आहेच. पत्रकारांस माहिती कोण पुरवितो हें शोधण्याकरितां १९ पोलीसदलांनीं ह्या नोंदींचा उपयोग केल्याचें २०१५ सालीं उघड झालें. आतां पत्रकाराचा गुप्त बातमीदार ओळखण्यासाठीं नोंदी मागावयाच्या, तर न्यायिक आयुक्ताची संमति लागते.

दुसरा आक्षेप असा, कीं एवढ्या प्रश्नोत्तरांत चोर पळून जाईल. परंतु निकडीच्या प्रसंगासाठीं वेगळी वाट ठेवलेली आहे हें वर सांगितलेंच. उलट ज्या नोंदी बेकायदा मिळविल्या, त्यांवर आरोपीचा वकील न्यायालयांत बोट ठेवील, व घाईनें वांचविलेला दिवस खटल्याच्या वेळीं व्याजासह परत द्यावा लागेल. तिसरा आक्षेप असा, कीं मान्यता देणारें स्वतंत्र कार्यालय आहे, मग पोलिसांच्या घरांत हा दुसरा पहारेकरी कशास? ह्याचें उत्तर, कीं दूर बसलेल्या कार्यालयास कागदावर लिहिलेलें तेवढेंच दिसतें. कागद खरा, पुरता व माफक आहे कीं नाहीं हें पाहणारा मनुष्य तपासाच्या जवळचाच पाहिजे.

आणि येथेंच ह्या कामाची खरी कठिणाई आहे. परक्यास ‘नाहीं’ म्हणणें सोपें. ज्याच्याबरोबर रोज चहा घ्यावयाचा, त्या सहकाऱ्यास ‘तुझा अर्ज पुरेसा नाहीं, पुन्हा लिही’ असें सांगणें अवघड. म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे, कीं अशा अधिकाऱ्याची बढती त्यानें किती नोंदी मिळवून दिल्या ह्यावर कधींही मोजूं नये. त्यानें परत पाठविलेला अर्जही त्याच्या कामगिरींत जमेस धरला पाहिजे. असें न केल्यास द्वारपाल हळूहळू दार उघडणारा चाकर होईल.

हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडचाच आहे असें कोणी समजूं नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यास वर्ष होण्यापूर्वींच, २०१८ सालीं, फोनच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून ठाणे पोलिसांनीं कांहीं खासगी गुप्तहेरांस अटक केली. नोंदींस बाजारभाव येतो तो त्यांच्या दाराशीं जागा पहारा नसतो तेव्हां. असा पहारा आपल्याकडेही नांवानिशीं नेमला जावा, असें मला वाटतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कांहींजण उद्यां पोलीसखात्यांत जातील, कांहीं कंपन्यांच्या दप्तरांत बसतील, कांहीं न्यायालयांत उभे राहतील. गणितांत हातचा विसरला तर एक गुण जातो. त्या मेजावर एक आंकडा उलटा लिहिला तर एका कुटुंबाची झोंप जाते. म्हणून आंकडा दोनदां तपासण्याची संवय येथें, ह्या शाळेच्या बांकावरच, लावून घ्या. आणि मित्राच्या आग्रहापुढेंही योग्य वेळीं ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य अंगीं बाणवा. हे दोन गुण ज्याच्याजवळ आहेत, त्याच्या हातीं लोकांच्या आयुष्याची नोंदवही निश्चिंतपणें सोंपवितां येईल.