बंगला म्हणजे नुसती गेटवरची पाटी नव्हे

उमरेडकरांनो, आपल्याकडे लेआऊट पडतात, प्लॉट विकले जातात आणि गेटागेटावर 'बंगला' उभा राहतो. समोर काच, ग्रॅनाइट, वर उघडा स्लॅब. अन् नवतपा लागला की? वरच्या मजल्यावर पाय ठेवता येत नाही. मग एसी, कूलर आणि वीजबिल पाहून वेगळाच घाम!

आता नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले आठवा. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि साहेबांना इथल्या उन्हाळ्यात राहायची वेळ आली. त्यांनी बंगालमधल्या खेड्यातल्या घराचा नमुना वाढवला. 'बंगला' हा शब्दही तिथलाच. भोवती रुंद वरांडा, म्हणजे भिंतीवर थेट ऊन नाही. उंच छत, वर झरोके, म्हणजे गरम हवा वरूनच बाहेर. कवेलूचं उतरतं छप्पर, समोरासमोर खिडक्या. दिसायला देखणं, पण सगळं कामाचं. आपल्या आजोबांची ओसरी अन् अंगणातला कडुलिंब तरी वेगळं काय करत होते?

कवेलू परत आणा, असं मी म्हणत नाही. माकडं अन् दरवर्षीची फेरणी कोणाला झेपते! पण पश्चिमेला पाच-सहा फुटांचा वरांडा, छताजवळ झरोके, एक झाड, एवढं तर बसतं ना? आणि नकाशात दाखवलेली मोकळी जागा प्रत्यक्षातही सोडा.

ठेकेदार हे स्वतःहून सांगणार नाही. घर आपलं आहे, आपणच विचारायला हवं.