अंधारातील स्वस्त डोळा

धुराने कोंदलेल्या खोलीत बेशुद्ध पडलेला माणूस डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या देहातून निघणारे अवरक्त किरण मात्र कॅमेरा टिपू शकतो. परंतु जुने संवेदक सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागत. साहजिकच ते महाग व मुख्यतः लष्करापुरते राहिले. १९८० च्या दशकात अमेरिकेत हनीवेल कंपनीने संरक्षण खात्याच्या पैशातून शीतकरणाविना चालणारा संवेदक सिद्ध केला. उष्णतेने व्हॅनेडियम ऑक्साइडच्या सूक्ष्म पटलाचा विद्युत्‌रोध बदलतो, हेच त्याचे मर्म. १९९२ मध्ये गुप्ततेचा पडदा उठला, इतर कंपन्यांना परवाने मिळाले आणि हा डोळा हळूहळू अग्निशमन दलांच्याही आवाक्यात आला. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन कुलपात राहिले, तर त्याची किंमत कोणीतरी धुरात गुदमरून मोजतो, याचा विसर शासनकर्त्यांना पडू नये.